समुद्रकांठीं घर बांधतांना

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. घरांतील तीन लग्नें आमच्या हातून पार पडलीं, तेव्हां या म्हणीचा अर्धा भाग आपणांस पुरता कळला अशी आमची समजूत झाली होती. उरलेला अर्धा भाग शिकविण्याचें काम श्रीवर्धन तालुक्यांतील आमच्या गांवच्या समुद्रानें केलें. त्या शिकवणीची फी बरीच पडली. परंतु कोंकणांत वडिलोपार्जित घर असलेलीं, आणि आज ना उद्यां तें नव्यानें बांधावें लागणारीं कुटुंबें वाचकांत पुष्कळ असतील; त्यांपैकीं एखाद्याची तरी फी वांचावी, या हेतूनें हा लेखनप्रपंच करीत आहों.

आमचें मूळचें घर पणजोबांनीं बांधलेलें. मातींत रचलेल्या जांभ्या दगडाच्या भिंती, सागाचे वासे, वर मंगळुरी कौलें; पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर, आणि तिन्ही बाजूंनीं पडवी. पश्चिमेस नारळी-पोफळींची वाडी, वाडीच्या शेवटीं केवड्याचें बन, आणि त्यापलीकडे वाळू. ओटीवर बसलें म्हणजे लाटांचा आवाज येई, पण समुद्र दिसत नसे. तो पाहावयाचा तर पश्चिमेच्या पडवींत जाऊन बसावें लागे. लहानपणीं आम्हांस ही त्या घरांतली मोठी उणीव वाटे. तें उणें नसून शहाणपण होतें, हें कळावयास आम्हांस साठी ओलांडावी लागली.

३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. ताशीं १०० ते ११० किलोमीटर वेगाचा वारा, मधूनमधून त्याहूनही जोराचे झोत. टाळेबंदीमुळें आमच्या मातोश्री त्या वेळीं पुण्यास आमच्याकडे अडकून पडल्या होत्या, म्हणूनच वांचल्या असें म्हणावयाचें. दूरध्वनीच्या तारा आणि मनोरे सगळेंच बंद पडल्यामुळें चार दिवसांनीं बातमी कळली: आढें मोडलें, कौलें उडालीं, वाडींतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. भिंती मात्र त्या दिवशीं उभ्या होत्या. पण डोक्यावर छप्पर नाहीं आणि पुढें सगळा पावसाळा, तोही आमच्या बाजूचा, शंभर इंचांहून अधिक कोसळणारा. मातींत रचलेल्या त्या भिंती दसऱ्यापर्यंत एकेक करून बसल्या. गांवास वीज परत यावयास महिन्याहून अधिक काळ लागला.

मातोश्री तेव्हां ऐंशी वर्षांच्या होत्या. दमा जुनाच. पुण्याच्या आमच्या चौथ्या मजल्यावरील जागेंत उन्हाळ्यांत वातानुकूलन यंत्र लावलें, कीं त्या बंद, कोरड्या, गार हवेनें त्यांचा खोकला बळावे. आणि तें बंद ठेवलें तर उष्म्यानें जीव घाबरा होई. रात्रीं उठून त्या खिडकीशीं बसत. “मला गांवीं न्या रे. पडकें तर पडकें,” एवढेंच म्हणत. त्यामुळें घर बांधावयाचें ठरलें तेव्हां आमच्यापुढें पहिली अट मातोश्रींच्या श्वासानेंच घातली होती: यंत्राच्या गारव्यावांचून वैशाखांत ज्यांत निजतां येईल असें घर हवें. विजेची बचत हा आजकाल प्रतिष्ठेचा विषय झाला आहे. आमच्या घरांत ती प्रथम गरज म्हणून आली, शहाणपण म्हणून मागाहून.

भावंडांची बैठक बसली. आमचे वडील बंधू, दादा, यांचें म्हणणें सरळ होतें: “कौलारू घराचें काय झालें तें पाहिलेंत. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलें. आतां पक्का स्लॅब घाला, नाहीं तर जमीन विकून मोकळे व्हा.” धाकट्या बंधूंस प्रत्येक कुटुंबास एक याप्रमाणें तीन शयनगृहें हवीं होतीं. आम्हांस स्वतःस काय हवें होतें तें पुढें सांगूं. तें सांगतांना आम्हांस थोडें ओशाळावें लागणार आहे. धाकट्या बंधूंची कन्या वास्तुकला शिकून नुकतीच बाहेर पडली होती. नकाशे काढण्याचें काम तिच्याकडे आलें, आणि तिन्ही बंधूंमध्यें वाद झाला कीं निवाडा करण्याचेंही.

पहिला निवाडा मात्र कायद्यानेंच करून ठेवला होता. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना केंद्र सरकारनें १९९१ सालीं काढली. पुढें २०११ व २०१९ सालीं ती नव्यानें लिहिली गेली. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणें विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांच्या आंत नवें बांधकाम करतां येत नाहीं. पूर्वींपासून अधिकृत असलेलें घर दुरुस्त करतां येतें वा पुनः उभारतां येतें, परंतु जुन्या जोत्याच्या क्षेत्रफळाबाहेर न जातां. आमचें घर त्या २०० मीटरांच्या आंतलें. तें पूर्वींचें आहे हें सिद्ध करावयास कागद हवेत. आजोबांच्या वेळेपासूनच्या घरपट्टीच्या पावत्या मातोश्रींनीं लग्नांतल्या ट्रंकेंत जपून ठेवल्या होत्या, त्या उपयोगीं पडल्या. जोतें भरलें ४२ फूट बाय ३४ फूट. म्हणजे १,४२८ चौरस फूट. त्यांत तीन कुटुंबें, एक देवघर आणि प्रत्येकाच्या इच्छा बसवावयाच्या होत्या.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. समुद्रकांठचें घर थंड कसें राहातें?

आम्ही देशावर आयुष्य घालविलेलीं माणसें. जाड भिंत म्हणजे थंड घर, ही आमची ठाम समजूत. पुतणीनें ती पहिल्याच दिवशीं खोडून काढली. “काका, पुण्याच्या वाड्याची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्रीं तें ओकून टाकते, कारण पुण्याची रात्र गार असते. तुमच्या गांवची रात्र कुठें गार आहे?” म्हणणें खरें होतें. एप्रिलमध्यें पुण्यास दिवसाच्या व रात्रीच्या तपमानांत पंधरा-सोळा अंशांचें अंतर पडतें. किनाऱ्यावर तें सात-आठांवर येतें. तेथें जाड भिंतीनें दिवसा साठविलेली ऊब रात्रीं बाहेर टाकावयास जागाच नसते. ती निजलेल्या माणसांच्या अंगावर येते. शिवाय हवा दमट. घाम वाळत नाहीं. म्हणून कोंकणांत भिंतीच्या जाडीपेक्षां दोन गोष्टी महत्त्वाच्या: भिंतीवर ऊन पडूंच न देणें, आणि अंगावरून वारा वाहता ठेवणें. सावली आणि वारा, यांतच सारें आलें.

सावलीचा हिशेब सूर्यावरून मांडावयाचा. आमचें गांव सुमारें अठरा उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यास आणि पुनः जुलै संपतांना सूर्य भर मध्यान्हीं बरोबर माथ्यावर येतो. जूनमध्यें तर तो किंचित् उत्तरेसच असतो. या माथ्यावरच्या उन्हास छप्पर आणि लांब वळचण पुरते. थंडींत तो दक्षिणेकडे कलतो, तेव्हां दक्षिणेच्या खिडकीवर दोन-अडीच फुटांची झांप पुरेशी होते. पण मावळतीचें ऊन आडवें येतें. तें कोणत्याही वळचणीस जुमानीत नाहीं. थेट घरांत शिरून समोरच्या भिंतीवर जाऊन बसतें. आणि किनाऱ्यावरची अडचण अशी, कीं समुद्र पश्चिमेस, दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून, पावसाची झड पश्चिमेकडून आणि हें ऊनही पश्चिमेकडूनच. दोन पाहुणे हवेसे आणि दोन नकोसे, पण चौघे एकाच दारानें येणारे.

हाच पेंच मुंबईंत वास्तुविशारद चार्लस कोरिया (१९३०–२०१५) यांस पडला होता. त्यांची ‘कांचनजंगा’ ही उंच इमारत १९८३ सालीं पुरी झाली. तींत दोन-दोन मजले उंचीच्या बागा कोपऱ्यांत कोरून काढलेल्या आहेत, आणि त्यांची कल्पना जुन्या बंगल्यांभोंवतालच्या व्हरांड्यावरून घेतलेली आहे. वारा आणि दृश्य आंत यावें, ऊन आणि पाऊस बाहेरच थकावा, यासाठीं घर व बाहेरचें जग यांच्यामध्यें एक सावलीचा पट्टा. पुतणीनें त्या इमारतीचीं चित्रें मातोश्रींस दाखविलीं. त्यांनीं चष्मा लावून तीं नीट पाहिलीं आणि म्हणाल्या, “ही तर पडवी. इतक्या वर कशाला नेली?”

आणि येथेंच आमच्या हातून चूक घडली.

पडवी जोत्याच्या आंत मोजली जाते. पश्चिमेची आठ फूट पडवी ठेवावी तर दिवाणखाना लहान होतो. आमच्या मनांत लहानपणापासूनचा सल होता, कीं या घरांतून समुद्र दिसत नाहीं. नोकरींतून मोकळे झालों, आतां टेबलाशीं बसून लिहावें-वाचावें आणि मान वर केली कीं समोर क्षितिज असावें, एवढी एकच हौस उरली होती. आम्हीं हट्ट धरला: पश्चिमेची पडवी काढून टाकावी, खोली पुढें न्यावी आणि समुद्राकडे चौदा फूट रुंदीची काचेची भिंत घालावी. पुतणीनें आंकडे मांडून दाखविले. मातोश्री म्हणाल्या, “समुद्र बघायला काच कशाला हवी? बाहेर बसावें.” आम्हीं दोघींचेंही ऐकलें नाहीं. कांच चांगली, दुहेरी आणि महागाची घेऊं, म्हणजे झालें, असें म्हणालों. वयानें व पैशानें जास्त असलेल्या माणसाचें म्हणणें घरांत कसें खरें होतें, हें वाचकांस सांगावयास नको.

बाकीच्या घरांत मात्र पुतणीचें चाललें, आणि तें बरें झालें. छपराच्या वादांत तिनें दादांचा स्लॅब आणि आमचीं कौलें यांचा मेळ घातला. माजघर आणि देवघर एवढ्याच मधल्या भागावर स्लॅब, म्हणजे पुन्हा तसें वादळ आलें तर सगळ्यांनीं जमावयाची ती जागा. आणि त्या स्लॅबसकट सगळ्या घरावर कौलांचें छप्पर. कौलें स्लॅबवर सावली धरतात आणि दोहोंमधल्या पोकळींतून वारा वाहातो, त्यामुळें स्लॅब भर दुपारींही तापत नाहीं. ओतकामांत खालच्या बाजूस, जेथें काँक्रीटचें काम फारसें नसतें तेथें, जुनीं कौलें भरलीं. ही युक्ति केरळांत घरें बांधण्यांत आयुष्य वेंचलेले लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनीं रूढ केली. तींत सिमेंट आणि लोखंड दोन्ही वांचतात. वादळांत न उडालेलीं आमचीं अडीचशे कौलें अशीं घरांतच राहिलीं.

छप्पर दुपाखी न करतां चौपाखी केलें. चारही बाजूंनीं उतार असला म्हणजे वाऱ्यास आडवा पृष्ठभाग सांपडत नाहीं. सगळ्या भिंतींच्या माथ्यावरून काँक्रीटचा एक अखंड पट्टा फिरविला आणि छपराचा सांगाडा त्यांत घट्ट जखडला. प्रत्येक कौल रिपेस तारेनें बांधलें. पडवीचें छप्पर मुख्य छपरास न जोडतां निराळें ठेवलें. त्याखालीं वारा भरून तें उचललें गेलेंच, तर एकटें जावें. घरास घेऊन जाऊं नये. जुन्या घरांत वासे एकसंध होते, आणि पडवी उचलली जातांच मागोमाग आढें गेलें, हें पडलेल्या लांकडांवरून सुतारानेंच आम्हांस दाखविलें होतें.

भिंतींस जांभाच वापरला. निम्मा तर आमच्याच पडक्या भिंतींचा. विटेस भट्टी लागते, सिमेंटास त्याहून मोठी भट्टी लागते; जांभा खाणींतून चिऱ्यांच्या आकारांतच कापून निघतो, आणि उघड्यावर राहिला कीं अधिक कठीण होतो. १८०७ सालीं फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांत हा दगड पाहून लॅटिन भाषेंतल्या विटेच्या शब्दावरून त्यास ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. घराला लागणारी शक्ति आपण विजेच्या बिलावर मोजतों. पण घर उभें राहतांनाच जी जळते ती बिलावर कधीं येत नाहीं. जवळचा, न भाजलेला दगड आणि जुनें सागवान वापरण्याचा फायदा तो हा.

वाऱ्यासाठीं नियम साधा. दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्रीं मतलई वारा जमिनीकडून. म्हणून प्रत्येक निजावयाच्या खोलीस समोरासमोर दोन खिडक्या, आणि मधल्या भिंतींत दारांवर लांकडी जाळ्या, म्हणजे दार लावलें तरी वारा अडत नाहीं. आढ्याजवळ झरोके, तापलेली हवा वर चढून निघून जाण्यासाठीं. केंद्र सरकारनें २०१८ सालीं निवासी इमारतींसाठीं जी ‘इको-निवास संहिता’ काढली, तींत उष्ण-दमट प्रदेशांत उघडतां येणाऱ्या खिडक्या-दारांचें क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश असावें असें सांगितलें आहे. कोरड्या उष्ण प्रदेशास दहा टक्के पुरे. आमच्या जुन्या घराच्या दारा-खिडक्या पुतणीनें जोत्यावरील खुणांवरून मोजल्या. त्या एक षष्ठांशाहून किंचित् अधिकच भरल्या.

खाऱ्या हवेविषयीं एक इशारा अवश्य देऊन ठेवतों. समुद्रावरून येणारें मीठ काँक्रीटमध्यें झिरपतें, आंतलें लोखंड गंजतें, गंज मूळच्या लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि वरचें काँक्रीट फोडून बाहेर पडतो. किनाऱ्यावरचे वीस-पंचवीस वर्षांचे बंगले पोपडे सुटून पडलेले दिसतात ते यामुळें. भारतीय मानक ४५६ (२०००) प्रमाणें किनारी हवेंत लोखंडावर निदान ४५ मिलिमीटर काँक्रीटचें आवरण हवें, आणि समुद्राचे तुषार पोंचत असल्यास ५०. आमच्या मक्तेदारानें एके दिवशीं खाडीची वाळू आणून टाकली. “धुऊन घेतली आहे,” म्हणाला. आम्हीं चिमूटभर जिभेवर ठेवली, खारट लागली. मालमोटार परत पाठविली, चार दिवस काम बंद राहिलें, आणि मक्तेदाराचा राग पुढें महिनाभर पुरला. तरीही सांगतों, या बाबतींत भीड धरूं नये. खिळे-मळसुत्रें जस्त चढविलेलीं किंवा मोलिब्डेनमचा अंश असलेल्या ३१६ जातीच्या पोलादाचीं घ्यावीं. जुन्या घराच्या पितळी बिजागऱ्या आम्हीं चिंचेनें घासून पुनः बसविल्या. त्यांस कांहींही झालेलें नव्हतें.

२०२३ सालच्या दसऱ्यास गृहप्रवेश झाला. मातोश्री, आम्ही उभयतां, असे तिघे तेथें कायमचे राहावयास गेलों. हिंवाळा सुरेख गेला. काचेपलीकडचा समुद्र पाहून आलेगेले धन्य धन्य म्हणत, आणि आम्ही त्या कौतुकाचा यथेच्छ स्वीकार करीत होतों.

मार्च लागला आणि चित्र पालटलें. दुपारीं तीननंतर तो दिवाणखाना भट्टी होऊं लागला. काच दुहेरी खरी, पण ऊन एकदां आंत आलें कीं त्याची ऊब बाहेर पडत नाहीं. टेबलावरची वही धरवेना. डोळ्यांपुढें पाण्याचा नुसता लखलखाट. पडदे लावले, मग समुद्रही गेला. शेवटीं गुपचूप वातानुकूलन यंत्र आणलें, फक्त त्या एका खोलीपुरतें. तें दिवसास आठ तास चालून सुमारें नऊ युनिटें वीज खाई. आणि उरलेलें सगळें घर, म्हणजे आठ पंखे, दिवे, शीतकपाट आणि विहिरीवरचा पंप मिळून सहा युनिटें पुरत. एका माणसाच्या हौसेस साऱ्या घराच्या दीडपट! पण खरी शिक्षा निराळीच होती. ती काचेची भिंत उघडत नव्हती. पश्चिमेचा जो वारा ओटीवरून माजघरांत यावयाचा, तो आमच्या काचेवर आपटून परत जाई. मातोश्रींची खोली माजघराच्या पूर्वेस. एप्रिलच्या एका दुपारीं त्या पलंगावर उठून बसलेल्या आम्हांस दिसल्या, पुण्यास बसत तशाच, खिडकीशीं तोंड नेऊन. त्या एक शब्द बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

पावसाळा ओसरतांच ती काच आम्हीं काढली. भिंत आठ फूट मागें आणली, ती काचेची न करतां लांकडी झडपांच्या उंच दारांची केली, आणि पुढें त्याच जुन्या जोत्यावर पडवी परत घातली. खोली आमच्या टेबलापुरतीही उरली नाहीं. टेबल पडवींत आलें. पडवीच्या कडेस पावसाळ्यांत माडाच्या झापांच्या झडी लावतों, जशा आजोबा लावीत. या सगळ्यास जो खर्च आला, तो आम्हीं आमच्या स्वतःच्या शिलकेंतून दिला, तिघांच्या सामाईक खात्यांतून नव्हे. तेवढें तरी न्याय्य होतें.

त्याच सुमारास छपराच्या दक्षिण पाख्यावर तीन किलोवॉटचीं सोलर पॅनेलें बसविलीं. २०२४ सालीं सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेखालीं तीन किलोवॉटास ७८,००० रुपये अनुदान मिळालें. स्वच्छ उन्हांत एका किलोवॉटापासून दिवसास चारेक युनिटें मिळतात. म्हणजे तिहींपासून बारा. आषाढ-श्रावणांत तीं निम्म्याहून खालीं जातात, पण उन्हाळ्यांत वीजमंडळाकडे जमा झालेलीं युनिटें तेव्हां उपयोगीं पडतात. येथें एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते: गांवची वीज गेली कीं असें यंत्र आपोआप बंद पडतें. तारेवर चढलेल्या कामगारास आपल्या छपरावरची वीज लागूं नये म्हणून ही योजना आहे. निसर्ग वादळानंतरचा तो महिना आम्हीं विसरलों नव्हतों. म्हणून चार पंखे, दिवे आणि मातोश्रींचें वाफाऱ्याचें यंत्र एवढ्यांपुरती बॅटरी निराळी घेतली. जुने पंखे पंचाहत्तर वॉटचे होते. त्यांच्या जागीं तीस वॉटचे बसविले, म्हणून लहान बॅटरी पुरली. आधीं गरज कमी करावी आणि मग वीज निर्माण करावी, हा क्रम उलटा केला तर खर्च दुप्पट होतो. आम्हीं अगोदर तो उलटाच केला होता.

२०२५ च्या उन्हाळ्यांत वातानुकूलन यंत्र एकदांही लावलें नाहीं. उकडलें नाहीं असें म्हणणार नाहीं. मे महिना तो मे महिनाच. पण दुपारीं तीनला, पूर्वीं ज्या वेळीं काच तापावयास लागे त्या वेळीं, आतां वारा पडवींतून शिरून माजघर ओलांडून मातोश्रींच्या खोलींत पोंचतो. त्यांच्या खिडकीचा पडदा बाहेरच्या बाजूस फुगतो, त्यावरून कळतें.

गणपतीस दादा आले. पडवींत आमच्या टेबलापाशीं खुर्ची ओढून बसले. जमीन विकण्याचा विषय त्यांनीं काढला नाहीं, आम्हींही काढला नाहीं. मातोश्री आंतून हळूहळू चालत बाहेर आल्या आणि आपल्या जुन्या जागीं, खांबाशीं टेकून बसल्या. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग दादांनीं वर पाहून विचारलें, “या कौलांच्या तारा दर वर्षीं तपासायला लागत असतील, नाहीं?” आम्हीं होय म्हणालों. “मग पुढच्या वैशाखांत मी येतों,” ते म्हणाले. “शिडीवर चढायला दोघे लागतील.”